स्तोत्र ८३ मधली शत्रूंची यादी: वाचताना या चुका टाळा

मध्यपूर्वेत लढाई पेटली की मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअॅप गटात एक नकाशा येतोच. मधोमध इस्राएल, चहूबाजूंनी लाल बाण आणि वर ठळक अक्षरांत ‘स्तोत्र ८३ पूर्ण होत आहे’. पाठवणाऱ्याने बायबलमधल्या या स्तोत्राची अठराही वचनं सलग वाचली असतील, अशी शक्यता फार कमी.

वचनं साधी आहेत. पाचव्यात आसाफाचं (दावीदाच्या काळातल्या गायकाच्या नावावरचं) हे स्तोत्र देवाला सांगतं की शत्रूंनी एकदिलाने मसलत केली आणि तुझ्याविरुद्ध करार केला. सहा ते आठमध्ये नावं येतात: अदोम, इश्माएली, मवाब, हगारी, गबाल, अम्मोन, अमालेक, पलेशेथ, सोर आणि शेवटी अश्शूर. घोटाळा या नावांपाशीच सुरू होतो.

आजच्या देशांची लेबलं चिकटवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात आवडती. मवाब आणि अम्मोन म्हणजे जॉर्डन, सोर म्हणजे लेबनॉन, पलेशेथ म्हणजे गाझा, अश्शूर म्हणजे सीरिया नि इराक, इश्माएली म्हणजे सौदी. जमिनीपुरतं यात तथ्य आहे. सोर आजही लेबनॉनच्या किनाऱ्यावर आहे, अम्मान हे नाव अम्मोनवरून आलंय. पण जमीन तीच म्हणून माणसंही तीच होत नाहीत. अश्शूरची राजधानी निनवे इ.स.पू. ६१२ मध्ये पडली. पलेशेथातल्या पलिष्ट्यांच्या अश्कलोन शहराचा बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. ६०४ मध्ये नाश केला आणि पुढे ते लोक म्हणून उरले नाहीत. नाव तेवढं भूमीला चिकटून राहिलं. अदोमी तर जागेवरही राहिले नाहीत. यहूदाच्या पडझडीनंतर ते यहूदाच्या दक्षिण भागात पसरले, आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटी यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कान याने त्यांना यहुदी धर्म घ्यायला लावला. हेरोद राजा त्यांच्यातलाच. मग आज अदोमाचं लेबल कुणाला लावणार?

हा नकाशा बऱ्याचदा जोडला जातो तो १९६७ च्या युद्धाला. ५ जूनला इस्राएलने पहिला हल्ला केला तो मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या विमानतळांवर. १९४८, १९६७, १९७३ या तिन्ही युद्धांत मिसर पुढच्या फळीत होता. आता दहा नावं पुन्हा वाचा. मिसर त्यात नाहीच. यावर ठरलेलं उत्तर येतं की अमालेक सीनायकडचा, म्हणजे मिसर आलाच. असं नाही चालत. याच आसाफाच्या नावावरची स्तोत्रं ७८, ८० आणि ८१ काढा, तिन्हींत मिसर नावानिशी आहे. ज्याला ते नाव इतकं तोंडपाठ, तो ते आडून कशाला सांगेल? १९६७ वर बसलं नाही की तोच नकाशा पुढच्या युद्धावर ठेवला जातो. मग जॉर्डनचं काय? त्याने १९९४ मध्ये इस्राएलशी तह केला. एप्रिल २०२४ मध्ये इराणने इस्राएलवर ड्रोन सोडले, तेव्हा जॉर्डनच्या आकाशातून जाणारे काही ड्रोन जॉर्डननेच पाडले. तरी नकाशातला बाण हलत नाही. आणि ज्या इराणची सर्वांत जास्त चर्चा, तो पारस या यादीत नाही.

मुळात हे भाकीत म्हणून वाचायचंच का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. २ इतिहास २९:३० मध्ये आसाफाला द्रष्टा म्हटलंय, हे खरं. पण द्रष्ट्याची प्रत्येक ओळ भाकीत नसते. ८१ आणि ८२ मध्ये देव स्वतः बोलतो. ८३ सुरू होतं तेच ‘देवा, गप्प राहू नको’ या विनवणीने, आणि शेवटपर्यंत देवाच्या तोंडी एक शब्द नाही. ही वेढलेल्या माणसांची प्रार्थना आहे. तिच्यातून वेळापत्रक काढणं म्हणजे पोलिसात दिलेल्या तक्रारीलाच निकाल समजणं.

नकाशा हवाच असेल तर बायबलच्या मागच्या पानांवरचा घ्या, प्राचीन काळाचा, आणि पेन्सिल घ्या. पेनने करू नका, गबालपाशी खोडावं लागतं. यरुशलेमेवर टिंब. दक्षिणेला अदोम आणि अमालेक, पूर्वेला मवाब, अम्मोन, हगारी, त्यांच्या पलीकडे वाळवंटातले इश्माएली, नैर्ऋत्येला किनाऱ्यावर पलेशेथ, उत्तरेला सोर. अम्मोनांचं शहर यरुशलेमेपासून सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर, पलेशेथातलं गज्जा (गाझा) ७५ च्या आसपास, सोर १६५ च्या पुढेमागे. निनवे मात्र जवळजवळ ९००. म्हणजे नऊ जण शेजारचे आणि एक लांबून आलेला. हे चित्र डोळ्यासमोर असलं की आठवं वचन कळतं: अश्शूर तिथे म्होरक्या नाही, लोटाच्या वंशजांना हात द्यायला आलाय.

मोजणीतल्या बारीकसारीक चुका

‘लोटाचे वंशज’ हे अकरावं राष्ट्र नाही. मवाब आणि अम्मोन या दोघांनाच तसं म्हटलंय. उत्पत्ती १९ चा शेवट वाचा.

गबाल दोन आहेत. एक सोराच्याही उत्तरेला, फेनिके किनाऱ्यावरचं (यहेज्केल २७:९), दुसरं मृत समुद्राच्या दक्षिणेला अदोमाच्या डोंगराळ भागात. इथे ते अम्मोन आणि अमालेक यांच्या जोडीला आलंय म्हणून बहुतेक अभ्यासक दक्षिणेचं धरतात. पेन्सिल त्यासाठीच.

इब्री बायबलमध्ये शीर्षकालाच पहिलं वचन धरतात, त्यामुळे आपलं पाचवं तिथे सहावं असतं. जुन्या लॅटिन क्रमांकनात हेच स्तोत्र ८२ वं. संदर्भ जुळला नाही की ‘छपाईची चूक’ म्हणू नका.

शत्रू म्हणजे परके, असं गृहीत धरणं

या यादीत परके थोडे आहेत. अदोम म्हणजे एसाव, याकोबाचा सख्खा जुळा भाऊ. अमालेक एसावाचा नातू (उत्पत्ती ३६:१२). इश्माएल अब्राहामाचा मुलगा, लोट अब्राहामाचाच पुतण्या. सरळ मराठीत ही भाऊबंदकी आहे, आणि आपल्याकडच्या वाचकाला ती वेगळी समजावून सांगावी लागू नये. वचन १२ मध्ये कारणही दिलंय: देवाची कुरणं आपण बळकावू. वाद जमिनीचा.

अनुवाद या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडला तर याची धार जास्त लागते. रानातून येताना इस्राएलाला बजावलं होतं की अदोमाला, मवाबाला, अम्मोनाला छेडू नका, त्यांची जमीन घेऊ नका. यहूदाचा राजा यहोशाफाट याच्यावर हेच लोक चालून आले तेव्हा त्याने प्रार्थनेत नेमकं हेच काढलं: आम्ही यांना सोडून दिलं, आणि हे आम्हाला त्याची अशी परतफेड करताहेत (२ इतिहास २०:१०-११). पाचव्या वचनातल्या ‘एकदिलाने’मागची कळ इथून समजते. नात्यातली माणसं एरवी कशावरही एक होत नाहीत, ती तुमच्याविरुद्ध एक होतात.

आठव्या वचनावर थांबणं

घाईचे वाचक आठव्याच्या शेवटी ‘सेला’ (स्तोत्रांत मधूनमधून येणारी खूण) दिसला की पुस्तक मिटतात. युतीचं पुढे काय व्हावं, हे नवव्यापासून आहे. मिद्यान, सीसरा, याबीन, कीशोन नदी, मग ओरेब, जेब, जेबह, सलमुन्ना. ही नावं भराभर उरकून ‘जुन्या लढाया’ म्हणून सोडली की स्तोत्राचा निम्मा अर्थ गेला.

नव्याने वाचणाऱ्याने ८३ ला हात लावण्याआधी शास्ते ४ ते ८ वाचावं. पाच अध्याय आहेत, अर्धा-पाऊण तास लागतो. ‘सारांश चालेल का?’ नाही चालणार, कारण अर्थ तपशिलात आहे. शास्ते ६:३ मध्ये मिद्यानी, अमालेकी आणि पूर्वेकडचे लोक मिळून येतात. ही आधीचीच एक युती, आणि अमालेक तिथेही. इस्राएलाचा पुढारी गिदोन याच्याकडे तीनशे माणसं. रणशिंगं वाजतात आणि ७:२२ मध्ये शत्रूच्या छावणीत प्रत्येकाची तलवार आपल्याच सोबत्यावर चालते. मग २ इतिहास २०:२३ लावा. अम्मोन आणि मवाब आधी सेईर डोंगरवाल्यांना (अदोमाकडच्यांना) कापतात, नंतर एकमेकांना. युती बाहेरून फुटत नाही, आतून फुटते. आसाफ मिद्यानाची आठवण काढतो ती याचसाठी. तेराव्या वचनातली वाऱ्यावर उडणारी धूळ आणि भूस याच ओळीतली आहेत: एकत्र दिसतात, पण एकमेकांना धरून काहीच नसतं.

एकच तारीख ठोकून बसणं

यहोशाफाटाचा काळ, म्हणजे इ.स.पू. नववं शतक, हा दावा वजनदार आहे. यहोशाफाटाच्या त्या प्रार्थनेनंतर बोलणारा यहजीएल आसाफाच्याच घराण्यातला लेवी होता (२ इतिहास २०:१४). पण तिथे सोर, पलेशेथ आणि अश्शूर यांचं नाव नाही. दुसरे लोक मक्काबींच्या (इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या यहुदी बंडखोरांच्या) काळाकडे बोट दाखवतात, तिथे अश्शूर हे नाव जुळवायला कसरत करावी लागते. दहाही नावं एका मोहिमेत आल्याची नोंद बायबलमध्ये दुसरीकडे कुठेच नाही. बाबेलचं नाव नाही, एवढ्यावरून ते बाबेल बलाढ्य होण्याआधीचं असावं, असा अंदाज बरेच जण करतात. अंदाज म्हणूनच तो शिकवावा.

शाप म्हणून वापरणं

बांधावरून वाद आहे, ऑफिसात कुणी कुरघोडी केली, म्हणून हे स्तोत्र त्या माणसाचं नाव घेऊन म्हणणारे आहेत. वचनं २, ३ आणि ५ मधली सर्वनामं बघा: तुझे शत्रू, तुझ्या लोकांविरुद्ध, तुझ्याविरुद्ध. ‘माझा शत्रू’ कुठेही नाही. आणि सोळाव्यात त्यांची तोंडं लाजेने भरावीत असं मागताना लगेच कारण जोडलंय, की त्यांनी तुझं नाव शोधावं. सतराव्यात त्यांचा नाशही मागितलाय, तो झाकू नये. दोन्ही मागण्या शेजारीशेजारी आहेत, तर त्या तशाच मोठ्याने वाचाव्यात, एक गाळून नव्हे.