सातवाहन पाठ होत नव्हते, नकाशाने सुटले

जुन्नर, पैठण, तेर, सोपारा, कल्याण ही सातवाहनकाळातल्या गावांची नावं यादी म्हणून पाठ केली की आठवड्यात उडून जायची. कारण साधं होतं: इतिहासाच्या वहीत नकाशाच नव्हता.

महाराष्ट्राच्या आराखडा नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवला. आधी फक्त गोदावरी, भीमा आणि सह्याद्रीची रांग. गावं नंतर. हा क्रम उलटा केला तर ठिपके हवेत तरंगतात. मग किनाऱ्यावर सोपारा आणि कल्याण, घाटमाथ्यापलीकडे जुन्नर, गोदावरीकाठी पैठण. आता कल्याण ते जुन्नर रेघ ओढा: ती सह्याद्री ओलांडते तिथे नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख का, घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण का, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. माल इथूनच चढत होता. जुन्नरभोवती एवढी लेणी का, तेही उमगतं: व्यापाऱ्यांचं दान आणि कोरायला सलग बेसॉल्ट.

सनावळीत मात्र एक चूक हटकून होते. इसवी सनात शून्य वर्ष नाही. रोमन सम्राट ऑगस्टसची कारकीर्द इ.स.पू. २७ ते इ.स. १४, म्हणजे २७ + १४ − १ = ४० वर्षं; ४१ नव्हे. शतकाचंही तसंच, कलिंगयुद्धाचं इ.स.पू. २६१ हे तिसऱ्या शतकात येतं, दुसऱ्या नव्हे.

दर रविवारी कोऱ्या नकाशावर, वही मिटून, १० ठिकाणं भरायची. चुकलेली लाल पेनाने.