पार्सलचा खर्च असा थांबला

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात एकटा राहतो, रात्री ड्युटीवरून आलं की गॅससमोर उभं राहायचा जाम कंटाळा, मग रोज पार्सल आणि २० तारखेलाच खिसा रिकामा. आता रविवारी एकदाच राबतो. अर्धा किलो हरभरे आदल्या रात्री भिजवायचे, कुकरला मऊ शिजवायचे, भाजलेलं कांदा-खोबरं, काळा मसाला, शेंगदाण्याचा कूट घालून आमटी घट्टच ठेवायची, पाणी खाताना घालता येतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवली की आंबलीच, म्हणून पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवतो आणि गार झाली की एकेका जेवणापुरती पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये आडवी, चपटी. पहिल्यांदा डबा काठोकाठ भरलेला, गोठून फुगली आणि झाकण उडून सगळा फ्रीजर पिवळा! बटाटा मात्र घालू नका, नंतर भुसभुशीत होतो. सकाळी निघताना एक पिशवी खालच्या कप्प्यात काढून ठेवतो, रात्री खळखळून उकळली की झालं. भाकरीला फ्रीजर कशाला, कडक भाकरी डब्यात असतेच, चुरायची, वरून आमटी, बाजूला शेंगाचटणी. पार्सल आता महिन्यातून एखादंच, तेही मित्र आले तर.