थंडीतली शनिवारची रात्र घरातच: नानकटाई, मसाला दूध, संतूर आणि दिवाळी अंक

आमच्या नाशकात डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच पडते, पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर अजून खाली, आणि रात्री आठनंतर बाहेर पडायचं नुसतं म्हटलं तरी नको वाटतं. म्हणून गेली चार वर्षं आम्ही थंडीतल्या शनिवारी कुठेच जात नाही. हॉलमध्ये गाद्या टाकायच्या, गोधड्या काढायच्या, घरी केलेलं काहीतरी गोड, हळू आवाजात गाणं आणि कोणीतरी एकाने मोठ्याने वाचायचं.

हे सुरू झालं आईंमुळे, म्हणजे माझ्या सासूबाईंमुळे. आयुष्यभर दिवाळी अंक वाचत आलेली बाई, पण आता डोळे साथ देत नाहीत, बारीक छपाई दिसत नाही. अंक हातात घ्यायच्या, पानं चाळायच्या, वास घ्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. ते बघून मला फार वाईट वाटायचं. एका रात्री मी त्यांना एक कथा वाचून दाखवली, लेक शेजारी येऊन बसली, मग नवराही टीव्ही बंद करून आला. तेव्हापासून चालूच आहे. दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं की तुम्ही नेमकं काय काय करता, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. आठ वाजता स्वयंपाकघर बंद. म्हणजे खरंच बंद, ओटा पुसून दिवा घालवायचा. पहिल्या वर्षी मी उत्साहात गरमागरम भजी काढत बसले, सगळे गोधडीत आणि मी कढईपाशी, दहा वाजेपर्यंत. गोष्टीचा शेवट तेवढा मला ऐकायला मिळाला. घरात जी व्यक्ती रांधते तिलाच बसायला मिळणार नसेल तर ती रात्र तिची नाहीच, तिच्यासाठी ती फक्त जास्तीचं काम आहे. त्यामुळे जे काही करायचं ते दुपारी आणि संध्याकाळी, आणि जे गार झाल्यावरही चांगलं लागतं तेच. भज्यांना पावसाळा आहे की. शिवाय तेलकट बोटं आणि पुस्तकं यांचं जमत नाही, आणि वाचनालयाचं पुस्तक असेल तर तो डाग आपल्यानंतर वाचणाऱ्या सगळ्यांना सोसावा लागतो.

आम्ही बहुतेक वेळा नानकटाई करतो. दुपारी तीनला घेतली की साडेचारपर्यंत होते, लेकीला वळायला आवडते, आणि घरभर तुपाचा नि वेलचीचा जो वास सुटतो तिथूनच संध्याकाळ सुरू होते. प्रमाण असं: एक वाटी मैदा, पाव वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, अर्धी वाटी तूप, अर्धी वाटी पिठीसाखर, पाव चमचा बेकिंग सोडा, चार-पाच वेलच्यांची पूड, चिमूटभर मीठ. तूप थिजलेलं हवं, पातळ नको, पातळ असलं की नानकटाई पसरते आणि चपटी होते. थंडीत तूप आपोआप थिजलेलं असतं, पण कधी कधी दगडासारखं घट्ट होतं, तेव्हा डबा अर्धा तास उन्हात ठेवायचा, गॅसवर नाही. तूप आणि पिठीसाखर हाताने नाहीतर रवीने फेसायचं, रंग पांढरट होऊन हलकं होईपर्यंत, सात-आठ मिनिटं तरी लागतात, इथे घाई केली तर नानकटाई खुसखुशीत होत नाही. मग पीठं चाळून त्यात घालायची आणि गोळा नुसता एकत्र करायचा, कणकेसारखा मळायचा नाही. गोळा फुटत असेल तर चमचाभर तूप अजून घाला, पाणी किंवा दूध अजिबात नको.

वळताना सुपारीपेक्षा जरा मोठ्या, एका घासात जाईल एवढ्याच करा. दुकानातल्यासारखी मोठी केली की चावताना भुगा सांडतो आणि गोधडीत जातो. ओव्हन असेल तर १७० डिग्रीला १५ ते १८ मिनिटं. आमच्याकडे ओव्हन नाही, आम्ही जाड कढईत दोन वाट्या मीठ पसरतो, त्यावर जाळी, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवतो आणि मग ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. खालून किंचित सोनेरी झाली की काढायची. काढताना मऊच लागते, कच्ची राहिली असं वाटतं, पण ती गार होताना कडक होते. अजून पाच मिनिटं म्हणून ठेवलीत तर खालून करपलीच समजा. ते मीठ गार करून बरणीत भरून ठेवा, पुढच्या वेळी तेच वापरायचं.

तिखट म्हणून भाजक्या पोह्यांचा चिवडा, तो आठवडाभर टिकतो त्यामुळे शुक्रवारीच करून ठेवते. वाटीत चमचा घालून द्यायचा, हाताने खायचा नाही. रात्रीचं जेवण म्हणजे मुगाच्या डाळीची खिचडी, वरून लसणाची फोडणी, तूप, पापड, लोणचं, संपलं. यावर जास्त डोकं लावू नका.

आता मसाला दूध. कोजागिरीला करतो तेच, पण थंडीत ते जास्त लागू पडतं असं माझं ठाम मत आहे. मसाला आधी करून ठेवा: पंधरा बदाम, पंधरा पिस्ते, सात-आठ वेलच्या, पाव जायफळ किसून, आणि बरोबर दोन चमचे साखर घालून मिक्सरला थांबत थांबत फिरवा. साखर घातली की बदाम-पिस्त्याचं तेल सुटून चिकट गोळा होत नाही. जायफळ जास्त नको, दूध कडवट लागतं. एक लिटर म्हशीचं दूध मंद आचेवर पाऊण लिटरपर्यंत आटवायचं, अधूनमधून कडेची साय खरवडून आत ढकलत राहायचं, मग तीन-चार चमचे साखर, दोन-अडीच चमचे मसाला, गरम दुधात भिजवलेलं केशर, आणि पाच मिनिटं उकळी. मग हे दूध थर्मासमध्ये. थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून पाच मिनिटं ठेवायचा, पाणी ओतून टाकायचं आणि मग दूध भरायचं, नाहीतर थंडगार काचच अर्धी ऊब खाऊन टाकते. साडेसात-पावणेआठला भरलेलं दूध दहा वाजता चांगलं वाफाळतं निघतं. त्यापेक्षा जास्त वेळ मात्र ठेवू नका, दूध आहे शेवटी. या थर्मासने आमची रात्र बदलली, कारण दूध गरम करायला कोणी उठलं की गोष्ट तुटते, आणि एकदा तुटलेली गोष्ट परत धरायला दहा मिनिटं जातात.

बैठकीचं सांगायचं तर सोफा नको. खाली सतरंजी, त्यावर गाद्या, भिंतीला लोड नाहीतर उशा. आईंना खाली बसता येत नाही, त्यांना आरामखुर्ची आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी, टॉवेलमध्ये गुंडाळून. एक कळकळीने सांगते, कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊ नका. ऊब छान येते, पण कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणसं जातात. गोधडी, पायमोजे, कानटोपी पुरे आहे. ट्यूबलाइट बंद करून वाचणाऱ्याच्या खांद्यामागे एक पिवळा दिवा लावा, बल्बच्या खोक्यावर २७०० के लिहिलेलं असतं तो. बाकी खोली अंधारी राहिली की सगळ्यांचं लक्ष आपोआप आवाजाकडे जातं.

गाण्याचं आम्हाला जमायला वेळ लागला, कारण सुरुवातीला आम्ही आवडीची गाणी लावून वर वाचायचो आणि शब्दांवर शब्द आदळायचे, ना गाणं कळे ना गोष्ट. आता साधा नियम आहे. नानकटाई वळताना भावगीतं, अभंग, नाट्यगीतं, मोठ्या आवाजात, बरोबर गायचंसुद्धा. जेवताना यमन, तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचाच राग आहे. आणि वाचन सुरू झालं की कंठसंगीत बंद, फक्त वाद्य, तेही वाचणाऱ्याच्या आवाजाच्या बरंच खाली. बासरी चालते पण ती लक्ष वेधून घेते, सतारीची द्रुत गतही तशीच, मला विचाराल तर संतूरच. काश्मीरचं हे वाद्य शिवकुमार शर्मांनी शास्त्रीय मैफिलीत आणलं, शंभराच्या आसपास तारा आणि त्यावर दोन हलकी लाकडी कलमं. प्रत्येक सूर वाजतो आणि विरतो, मागे ओढत नाही, त्यामुळे वाक्यांच्या मधल्या जागेत तो छान बसतो. त्यातही सुरुवातीचा आलाप घ्या, तबला सुरू झाला की ऐकणाऱ्याची बोटं ताल धरतात. गाणी आधी डाउनलोड करून ठेवा, नाहीतर ऐन रंगात आलेल्या जागी जाहिरात येते. मोबाईल सायलेंट करून दुसऱ्या खोलीत, गाण्यासाठी एकच फोन, तोसुद्धा पालथा.

दहाला आमचा मध्यंतर. थर्मास उघडायचा, नानकटाई घ्यायची, आणि आईंसाठी विविध भारतीवरचं छायागीत लावायचं, घरात रेडिओ नसला तरी आकाशवाणीच्या अॅपवर लागतं. विविध भारती १९५७ साली सुरू झाली, आई तेव्हा नुकत्या शाळेत जायला लागल्या होत्या, त्यामुळे त्या अर्ध्या तासात त्या जे सांगतात ते कुठल्याच अंकात छापलेलं नाही. हा वेळ गप्पांसाठीच ठेवा.

आणि अकरानंतर, सगळे दिवे घालवून, मालकंस किंवा दरबारी. हे मध्यरात्रीकडचे राग. पूर्वी मैफिली रात्र रात्र चालायच्या तेव्हा ते त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकायला मिळायचे, पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव, भीमसेनजींनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला, तोसुद्धा रात्रभर रंगायचा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, काही सवलतीचे दिवस सोडले तर उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी योग्यच आहे. पण त्यामुळे मालकंस त्याच्या वेळेला ऐकायचा तर घराइतकी चांगली जागा आता क्वचितच. अंधारात, गोधडीत, कोणीही काहीही न बोलता. लेक दहा मिनिटांत झोपते, झोपू दे.

वाचायचं काय, तर आमच्याकडे दिवाळी अंक. मराठीत ही प्रथा १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकाच्या अंकापासूनची, आणि तेव्हापासून कथा, ललित, व्यक्तिचित्रं, प्रवास, कविता, व्यंगचित्रं सगळं एका जागी मिळतं, म्हणजे चार वयाच्या चार माणसांना एका अंकात काहीतरी सापडतंच. सगळे विकत घ्यायची गरज नाही, बऱ्याच वाचनालयांत दिवाळीनंतर थोडी वर्गणी भरून अंक आळीपाळीने नेता येतात, नाशकात तर १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. जानेवारीपर्यंत अंकांची मागणीही ओसरते. मुलांसाठी बालभारतीचं किशोर मासिक, १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट वाचायला आहेत, आमच्या लेकीला त्यातल्या जुन्या चित्रांचं फार वेड आहे.

मोठ्याने वाचायची कथा आधी मनात एकदा वाचून घ्या. एक तर अवघड नावं अडखळत नाहीत, आणि दुसरं म्हणजे आजी आणि बारा वर्षांची नात एकत्र बसून ऐकू शकतील की नाही ते कळतं. अंकाचं भरगच्च पान वाचायला मला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे सात-आठ पानांची कथा अर्ध्या तासात होते, त्याहून मोठी असेल तर दोघांत वाटून घ्या, दर तीन-चार पानांनी माणूस बदला, घसा वाचतो. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देऊ नका, संथ आणि सरळ वाचलं की ऐकणारा आपापला आवाज मनात घालतो. वाचणाऱ्याने खायचं नाही, बाकीच्यांनी खायचं, म्हणजे पानांना तूप लागत नाही. घरात कोणाला दिसत नसेल तर चित्रंही वाचा. आमच्याकडे व्यंगचित्रं समजावून सांगायचं काम लेकीचं, ती आधी काय काढलंय ते सांगते, मग खालची ओळ वाचते, आणि आई हसल्या की तिला इतका आनंद होतो की ती पुढच्या पानावर अजून एक शोधायला लागते.

एक कथा, एक लेख, दोन-तीन व्यंगचित्रं, बस. अजून हवंय असं वाटत असतानाच अंक मिटवा, मध्ये सुतळीचा तुकडा घालून, पान मुडपू नका. त्यानंतर ज्याला झोप येत नाही त्याने आपापलं पुस्तक घेऊन पडावं.

भांडी सकाळी घासली तरी चालतात. थर्मास मात्र त्याच रात्री गरम पाण्याने विसळून उघडा पालथा घाला, सकाळपर्यंत तसाच ठेवलात तर दुधाचा वास आठवडाभर जात नाही आणि पुढच्या शनिवारचं दूध बिघडतं.