बायकोची फाइल जाड होण्याआधी

आम्हाला मूल होत नव्हतं आणि माझ्या बायकोची दवाखान्याची फाइल चार वर्षांत दोन बोटं जाड झाली. सोनोग्राफी, थायरॉइड, गर्भनळ्यांचा एक्स-रे, पाळीच्या दुसऱ्या दिवशीचं रक्त, सगळं तिचंच. त्यात माझा कागद एकसुद्धा नव्हता. मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत भट्टीवर होतो, बाकी धडधाकट. मला कुणी तपासायला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हे लिहितोय ते बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या त्या नवऱ्यांसाठी, जे आज तसेच दवाखान्याच्या बाकावर बायकोची पिशवी मांडीवर घेऊन बसलेत.

आधी आकडा, कारण आम्हाला वाटायचं आमच्या साऱ्या येळ्ळूर गावात आपणच एकटे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सांगितलं की जगातल्या साधारण दर सहा माणसांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. गल्लीत लग्न झालेली तीस जोडपी असतील तर पाचेक घरांत हे घडून गेलंय किंवा घडतंय. बोलत कुणी नाही, एवढंच. पुढचा आकडा आणखी महत्त्वाचा: अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतंच, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणासोबत.

किती थांबायचं? काही न वापरता, नियमित संबंध ठेवून प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी जोडप्यांना वर्षाच्या आत दिवस जातात. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या वर्षी. म्हणून लग्नानंतर चौथ्या महिन्यात सासू घाबरली तरी तुम्ही घाबरू नका. पण पूर्ण वर्ष झालं की डॉक्टर गाठा. बायकोचं वय पस्तिशीपुढं असेल तर सहा महिन्यांतच जा. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पाळीत असह्य दुखत असेल, दोघांपैकी कुणाला टीबी होऊन गेला असेल, नवऱ्याचं लहानपणी अंडकोषाचं ऑपरेशन झालं असेल, तर थांबूच नका. टीबीचं मुद्दाम लिहितोय. आपल्या देशात बायकांच्या नळ्या बंद होण्यामागं तो बऱ्याचदा असतो आणि खोकला नसतानाही असू शकतो.

घरी करायचं ते सोपं आहे, तरी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बायकोचं बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं. म्हणजे 28 दिवसांची पाळी असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, 32 दिवसांची असेल तर अठराव्या. सुटलेलं बीज दिवसभरच टिकतं, पण पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतं. त्यामुळं बीज सुटायच्या आधीचे पाच-सहा दिवस मोलाचे. त्या दिवसांत एक दिवसाआड संबंध पुरे. आम्ही चौदावा दिवस कॅलेंडरवर लाल करून तेवढाच धरायचो आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी रात्रपाळी यायची. बायकोनं फॉलिक अ‍ॅसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी प्रयत्न सुरू करतानाच रोज सुरू करावी, दिवस राहायची वाट बघू नये. रक्तात साखर किंवा थायरॉइड असेल तर डोस डॉक्टरला विचारून.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच भेटीत दोघांनी जायचं आणि पहिल्याच आठवड्यात नवऱ्याची वीर्य तपासणी करून टाकायची. नळ्यांच्या एक्स-रेला माझ्या बायकोनं टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की बाहेर आल्यावर तळव्यावर वळ दिसत होता. माझ्या तपासणीला सुई नाही, दुखणं नाही, खर्च काही शे रुपये. जी तपासणी सगळ्यात स्वस्त, तीच आम्ही चार वर्षांनी केली.

ती अशी करतात. आधी दोन ते सात दिवस संबंध नको, हस्तमैथुनही नको. लॅबमधूनच डबी घ्या, घरची वाटी-बाटली चालत नाही. साबण, तेल, थुंकी काही लावायचं नाही, साधा निरोध वापरायचा नाही, त्यानं पुरुषबीज मरतात. जमलं तर लॅबच्याच खोलीत द्या. मला तिथं जमेना, बाहेर दोन माणसं बोलत उभी होती. मग घरून आणायची परवानगी घेतली. डबी शर्टाच्या आत पोटाशी धरली, भावानं गाडी चालवली आणि पाऊण तासात काउंटरवर पोचवली. तासाच्या आत पोचलीच पाहिजे. बर्फात घालू नका, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. थोडं सांडलं तर लाजू नका, सांगा. पहिल्या थेंबांतच जास्त पुरुषबीज असतात, ते सांडले तर रिपोर्ट खोटा वाईट येतो. मागच्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा.

रिपोर्ट इंग्रजीत येतो, सरकारी दवाखान्यात चिठ्ठी कन्नडात. आकडे मात्र सगळ्यांना वाचता येतात. 2021 च्या जागतिक मापाप्रमाणं एका मिलिलिटरमध्ये किमान 1.6 कोटी पुरुषबीज आणि पुढं सरकणारे किमान 30 टक्के. माझे 60 लाख आणि 11 टक्के होते. या मापाखाली आलं म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, वर आलं म्हणजे होणारच असंही नाही. एका रिपोर्टवर रडू नका आणि फुगूही नका. काही आठवड्यांनी दुसरा करतात.

माझ्या डाव्या अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या निघाल्या, ज्याला व्हेरिकोसील म्हणतात. मूल होत नसलेल्या पुरुषांत हे तिघांतल्या एकाला तरी सापडतं. शिवाय भट्टी. अंडकोषांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड लागतं, म्हणून तर ते बाहेर आहेत. मी मालकांना विचारून मशीन शॉपला बदली घेतली, तंबाखू-चुना सोडला. निपाणीच्या माणसाला हे सांगणं अवघड, पण तंबाखूनं पुरुषबीज कमी होतात. नवं पुरुषबीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून आज सोडलं तर फरक तीन महिन्यांनी दिसतो. पंधरा दिवसांत पुन्हा तपासून निराश होऊ नका. आणि जिममध्ये अंग भरायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांनो, त्यानं पुरुषबीज बनणं जवळजवळ बंद पडू शकतं. डॉक्टरपासून लपवू नका.

कागदांचं एक. आपल्याकडची माणसं बेळगावात पटलं नाही की मिरज, कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतात. प्रत्येक ठिकाणी तपासण्या पुन्हा पहिल्यापासून. तारखेप्रमाणं एकच फाइल लावा, एक्स-रेच्या मूळ फिल्म मागून घ्या, मोबाइलवर फोटो ठेवा. टेस्ट ट्यूब बेबीचं सेंटर असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र बघा, 2021 च्या कायद्यानं ते बंधनकारक आहे. बायकोचं वय 21 ते 50 आणि पुरुषाचं 21 ते 55 ही मर्यादाही त्याच कायद्यात आहे. खर्च लाखांत जातो, तेव्हा औषधं धरून एकूण किती आणि आपल्या वयाच्या बाईंना तिथं यश किती, हे लेखी विचारा. मुलगाच देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नका, तो गुन्हा आहे.

देवाचं म्हणाल तर माझ्या आईनं सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला होता आणि तो आम्ही फेडला. नवस जरूर बोला. पण नवसाची पौर्णिमा आणि दवाखान्याची तारीख दोन्ही पाळा, बायकोचं वय थांबत नाही.

शेवटचं काम औषधाचं नाही आणि ते नवऱ्यानंच करायचं. रिपोर्ट हातात येईपर्यंत आई रोज संध्याकाळी हिच्याकडं बघून म्हणायची, "अजून कशाची वाट बघूलालासा?" शेजारच्या हळदीकुंकवाला हिची ओटी भरताना बायका हात आखडायच्या. हे मी ऐकत होतो, बघत होतो. रिपोर्ट आल्यावर आठवडाभर मी तो फाउंड्रीच्या लॉकरात ठेवला. मग एका रविवारी आई सोप्यात तांदूळ निवडत बसली होती, तिच्यासमोर बसून सांगितलं, "आई, अडचण माझ्यात आहे. हिच्यात काही नाही." तिनं ताट बाजूला सारलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग एवढी वर्षं मला तिला का बोलू दिलंस रे?"