पाळी जाताना झाडपाल्याच्या गोळ्या घ्यायच्यात? एका वेळी एकच

रात्री 3 वाजता मी घामाने चिंब, पंखा फुल, आणि नवरा शेजारी दुलई ओढून, असं आमच्याकडे वर्षभर चाललं. आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरच्या भिशीत बोलले तर प्रत्येकीने एकेक डबी सुचवली नि मी शहाणीने तीन एकदम सुरू केल्या, पोट बिघडलं पण कुठल्या गोळीने ते कळेचना. म्हणून एका वेळी एकच.

आधी 15 दिवस काहीच घेऊ नका. कॅलेंडरवर फक्त रेघा मारा, अंगातून गरम वाफ आली की एक रेघ. थायरॉइडनेही घाम-धडधड होते, ती टेस्ट करून घ्या. आणि 12 महिने पाळी बंद राहून परत रक्त दिसलं तर गोळ्याबिळ्या नाही, सरळ डॉक्टर.

मग सोयाबीन. अहो आपण माळव्यात राहतो, सोयाबीनवर संशोधन करणारी केंद्राची संस्था इथेच खंडवा रोडला, आणि घरात येतं काय तर फक्त तेल! तेलात आयसोफ्लेवोन्स, म्हणजे सोयातले कामाचे घटक, जवळजवळ नसतात बरं का, ते दाण्यात, पिठात, टोफूत. हे इस्ट्रोजन या बायकांच्या हार्मोनसारखं पण फारच हलकं काम करतात. अभ्यासांत साधारण दिवसाला 40 ते 80 मिलिग्राम देतात, कणकेत सोयाचं पीठ घातलं तरी बरंचसं जमतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया 4 तासांनी. सोबत जवस नको, तो नंतर वेगळा, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून कुटायचा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो.

डबीच घ्यायची तर लेबलवर लायसन्स नंबर आणि किती मिलिग्राम ते बघा, सुटी पावडर नको. ब्लॅक कोहोश या परदेशी जडीबुटीने काही जणींचं लिव्हर बिघडलंय, लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी बंद. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर सेंट जॉन्स वर्ट या उदासीवरच्या जडीबुटीला हात लावू नका. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांनी आधी विचारायचं. शतावरी कल्पातल्या साखरेकडे शुगरवाल्यांनी लक्ष द्या, भिशीत हे कोणी सांगत नाही!

12 आठवडे द्या, मग रेघा मोजा. खूप फरक पडेल असं समजू नका, नुसत्या साखरेच्या गोळीनेही काहींना बरं वाटतं, शिवाय सोयाच्या आयसोफ्लेवोन्सपासून इक्वॉल हा जास्त असरदार पदार्थ बनवणारे जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात. माझ्या 9 च्या 6 झाल्या, तेही मे महिन्यात. तुमच्या हलल्या नाहीत तर बंद करा नि ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे हार्मोनच्या इलाजाचं विचारा.