रफ कट दोस्तांना दाखवण्याआधी

लग्नाच्या फिल्मचा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, दाखवायचा असेल तर स्क्रीनवर टाइमकोड (तास, मिनिट, सेकंद, फ्रेमचे चालते आकडे) छापून काढा. बाकी सगळं नंतर. मागच्या सीझनला कोल्हापुरात राजारामपुरीत एका दोस्ताच्या स्टुडिओत चौघं जमले, दीड तास मनापासून बोलले, आणि माझ्या वहीत उरलं काय? 'अक्षता पडतात तिथं आवाज फुटतोय.' अक्षता प्रत्येक मंगलाष्टकाला पडतात, त्यातल्या कुठल्या? घरी रात्रभर शोधलं, निम्म्या सूचना सापडल्याच नाहीत. धंद्याच्या दिवसांत माणसं वेळ काढून आली होती, त्याचं अजून वाईट वाटतं.

एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमिअर प्रो असेल तर एक्स्पोर्ट करताना टाइमकोड ओव्हरले चालू करा, रिझॉल्व्ह असेल तर डेटा बर्न-इन. दोन मिनिटांचं काम आहे. आकडे मोठे आणि वरच्या कोपऱ्यात; खाली ठेवले तर नावाच्या पट्टीवर चढतात. रिझॉल्व्ह शून्याऐवजी 01:00:00:00 पासून, म्हणजे एक तासापासून मोजतो, तेवढं आधी सांगून ठेवा.

पेनड्राइव्ह, चार्जर सोबत घ्या. फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, ती दाबली जाते. मग शालूच्या जरीवर दिसणारे ठोकळे आपले की व्हॉट्सॲपचे, यातच अर्धा तास जातो. दोन्ही घरच्यांना विचारल्याशिवाय दाखवू नका. पाठवणीला रडणारी आई त्यांची आहे. कलर, म्हणजे रंगांची दुरुस्ती, अर्धवट असेल तर सुरुवातीलाच सांगा, नाहीतर सगळे त्यावरच बोलतात. मंगलाष्टकं गुरुजींच्या कॉलर माइकवरची घ्या, आणि एकदा साध्या टीव्हीवर ऐका. घरचे टीव्हीवरच बघणार.

'कसं वाटलं?' विचारलं की 'भारी झालंय' येतं, त्याचा उपयोग शून्य. नेमकं विचारा: अंतरपाट खाली येताना मी नवरीवर थांबलोय, तेव्हा नवरदेव दिसायला हवा होता का? रंकाळा तलावावरचा भाग लांबतोय का? कुठून? 'कुठून'चं उत्तर आकड्यात घ्या. टाइमकोड नसेल तर हा प्रश्नच विचारता येत नाही, म्हणून पुन्हा सांगतोय.

बोलणाऱ्याला मध्ये तोडू नका. 'तिथं मामा आडवे आले' हे खरं असलं तरी बघणाऱ्याला फक्त हुकलेला शॉट दिसतो.

त्याच रात्री दुरुस्तीला बसा. टाइमलाइनची कॉपी करून, शेवटाकडून सुरुवातीकडं. सुरुवातीपासून कापत गेलात तर त्यानंतरचे सगळे आकडे सरकतात. दोघांनी सांगितलेलं आधी, एकट्याचं नंतर. बॅकअप. आणि फायनल काढताना टाइमकोड बंद केलाय का, बघा.