उन्हाळी इंजिनीअरिंग शिबिर कसं निवडावं: बंद पडलेल्या गाडीपासून सुरुवात

आमच्या कपाटावर ३ वर्षं एक छोटी गाडी पडून होती. लेक पाचवीत असताना रोबोटिक्सच्या एका उन्हाळी शिबिरातून ती घेऊन आली होती. काळ्या रेघेवरून आपोआप चालणारी दोन मोटरींची गाडी. शेवटच्या दिवशी पालकांसमोर सगळ्या २४ गाड्या एकसारख्या धावल्या, फोटो निघाले, प्रत्येकाला सर्टिफिकेट मिळालं. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी आमची गाडी बंद पडली. "काय झालं असेल गं?" म्हणून विचारलं तर लेक म्हणाली, "काय माहीत, ती सरांनी जोडली होती." उघडून बघावं म्हटलं, तर प्रत्येक जोडावर ग्लू गनचा जाड थर.

फीपेक्षा मला ते वाक्य जास्त लागलं. पुढच्या उन्हाळ्यांत मी बरीच शिबिरं प्रत्यक्ष जाऊन पाहिली, शिकवणाऱ्यांशी बोलले, मुलांच्या शेजारी बसले. त्यातून जी पद्धत हाती लागली ती इथे देते आहे. मार्चमध्ये हातात पत्रकं पडायला लागतात, त्याच्या आधी वाचलीत तर जास्त उपयोग होईल.

आधी मुलाकडे बघा, पत्रकाकडे नंतर

मूल रिकाम्या वेळात हाताने काय करतं ते आठवडाभर बघा. कुणी पेनं उघडून स्प्रिंगा काढतं, कुणी पुठ्ठ्यांची घरं बांधतं, कुणी सायकलची चेन घसरली की तेलकट हातांनी बसवत बसतं. कुणाला मोबाइलवरचा गेम कसा बनवतात हेच जाणून घ्यायचं असतं. हे चार वेगवेगळे स्वभाव आहेत आणि त्यांना चार वेगवेगळी शिबिरं लागतात.

आपल्याकडे 'इंजिनीअरिंग शिबिर' म्हटलं की रोबोटिक्सच समोर येतं, कारण रोबो शेवटच्या दिवशी छान दिसतो. पण आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधून त्यावर तो मोडेपर्यंत वजनं ठेवणं, हेही इंजिनीअरिंगच. पूल मोडतो तेव्हा कुठली काडी आधी गेली हे मुलं वाकून वाकून बघतात. चौकोन तिरका होतो, त्रिकोण होत नाही, ही गोष्ट त्यांना पुन्हा फळ्यावर शिकवावी लागत नाही. इंजेक्शनच्या दोन सिरिंजा आणि पाणी भरलेली नळी घेऊन जेसीबीचा हात उचलणं, वाळू-कोळशाचा पाणी गाळायचा थर रचणं, जुना पंखा खोलून परत जोडणं, हे शिकवणारी शिबिरं कमी आहेत. सापडलं तर ते आधी बघा.

वयाची वाटणी विचारा

'वय ६ ते १६, सर्वांसाठी एकच बॅच' असं लिहिलेलं दिसलं की मी पुढे वाचत नाही. पहिलीतल्या मुलाची बोटं आणि दहावीतल्या मुलीचा प्रश्न एका टेबलावर सांभाळता येत नाहीत.

चौथीपर्यंतच्या मुलांना पुठ्ठा, दोरा, चाकं, रबरबँड, सिरिंज एवढं पुरतं. दिवसाला दोन-अडीच तास खूप झाले. कोडिंगची घाई या वयात करू नका. पाचवी ते सातवीच्या मुलांना स्क्रॅच (चित्रांचे ठोकळे जोडून करायचं कोडिंग), मायक्रोबिट (मुलांसाठीचा छोटा संगणक-बोर्ड), ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून सर्किट जोडायची पट्टी), साधे गिअर आवडतात. आठवीपासून पुढे आर्डुइनो (मोटरी, दिवे, सेन्सर चालवणारा, प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), सोल्डरिंग (तापलेल्या गनने कथील वितळवून वायरी जोडणं), थ्रीडी प्रिंटिंग असं खरं काम द्यायला हरकत नाही, पण त्यासोबत एक प्रश्नही द्यायला हवा: गच्चीवरची टाकी भरली की पंप आपोआप बंद कसा करायचा? नुसतं 'आर्डुइनो शिकवू' म्हणजे नुसतं 'पाना शिकवू' म्हटल्यासारखं आहे.

एक तास जाऊन बसा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. चांगल्या ठिकाणी चालू वर्ग बघायला पालकांना नाही म्हणत नाहीत. उन्हाळ्याची बॅच अजून सुरू झाली नसेल तर त्यांच्या शनिवार-रविवारच्या वर्गाला जा.

असंच एकदा मी एका छोट्या हॉलमध्ये मागे बसले होते. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीची गाडी दर वेळी मोटर सुरू केली की बंद पडायची. आर्डुइनोवरचा दिवा विझून परत पेटायचा. तिने वायरी दोनदा तपासल्या, मग रडकुंडीला येऊन शिकवणाऱ्या दादाला हाक मारली. दादा आला. त्याने गाडीला हात लावला नाही. व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर तिच्या हातात दिला आणि विचारलं, "बॅटरीला किती दाखवतोय?" नऊ व्होल्टच्या आसपास. "आता मोटर चालू करून बघ." आकडा साडेपाचावर आला. ती मीटरकडे बघत म्हणाली, "दादा, बॅटरी दमतेय."

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरींना लागेल एवढा करंट देऊ शकत नाही, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, हे तिला असं कळलं. तिने मोटरींसाठी चार सेलचा वेगळा डबा लावला. आता मोटर हलेचना! दोन्ही बॅटऱ्यांची ग्राउंडची, म्हणजे उणे टोकाची, वायर एकमेकींना जोडायची राहिली होती. तीही तिनेच शोधली, पण त्यात अर्धा तास गेला. शेजारच्या टेबलावरच्या मुलाची गाडी तोपर्यंत रेघेवरून धावत होती, तरी दादाने तिला घाई केली नाही.

तर तुम्ही बसाल तेव्हा एवढंच बघा: काही बिघडलं की शिकवणाऱ्याचे हात कुठे जातात? मुलाच्या वस्तूकडे, की स्वतःच्या पाठीमागे? आणि टेबलावर किती मल्टिमीटर आहेत तेही मोजा. २० मुलांत एकच मीटर, तोही सरांच्या खिशात असेल, तर दोष शोधण्याचं काम सरच करणार. अर्धवट, मोडक्या वस्तूंचं खोकं हॉलच्या कोपऱ्यात दिसलं तर मला ती चांगली खूण वाटते. जिथे सगळंच चकचकीत आणि चालू असतं, तिथे मुलांनी कमी केलेलं असतं.

फोनवर विचारायचे प्रश्न

एका शिकवणाऱ्यामागे मुलं किती? हाताने करायच्या कामात माझ्या मते ८ ते १०च्या वर नकोत. शिकवणारा कोण आहे? तो इंजिनीअर नसला तरी चालेल. आयटीआय झालेला, रोज हातात सोल्डरिंग गन धरणारा माणूस कित्येकदा जास्त चांगलं शिकवतो. जाहिरातीत ज्यांचं नाव आहे तेच रोज येणार का? दोन मुलांत एक किट, की प्रत्येकाला वेगळं? ते घरी नेता येतं का? शेवटच्या दिवशी सगळ्यांची वस्तू एकसारखी असते का? या शेवटच्या प्रश्नाला 'हो' असं अभिमानाने उत्तर आलं तर थोडं थांबा.

किट आणि फी यांचा हिशेब वेगळा मागा. आर्डुइनो उनो या बोर्डाचा साधा क्लोन (दुसऱ्या कुणी बनवलेली नक्कल) काही शे रुपयांत मिळतो; पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक चक्कर मारलीत की किटमधल्या प्रत्येक वस्तूचा भाव कळेल. चांगल्या शिकवण्याला पैसे द्यावेत, मनापासून द्यावेत. पण किटच्या नावाखाली चौपट लावत असतील तर ते कळायला हवं. जीएसटी धरून किती, मूल आजारी पडलं तर फी परत मिळते का, हेही आधीच लिहून घ्या.

आठवी ते दहावीच्या पालकांना एक वेगळं सांगायचं आहे. 'इंजिनीअरिंग समर स्कूल' या नावाखाली काही ठिकाणी जेईईच्या तयारीचे वर्गच चालतात. वेळापत्रक मागा. त्यात वर्कशॉपपेक्षा गणिताच्या चाचण्या जास्त असतील तर तो क्लास आहे, शिबिर नव्हे. शिवाय कुठल्याही शिबिराच्या सर्टिफिकेटला आपल्या राज्यातल्या प्रवेशप्रक्रियेत गुण नाहीत. तिथे एमएचटी-सीईटी आणि जेईई यांचंच चालतं. 'प्रवेशाला उपयोग होईल' असं कुणी म्हणत असेल तर नेमका कुठे, ते विचारा.

सुरक्षेबाबत भीड नको

कथील-शिशाच्या नेहमीच्या सोल्डरची तार १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि सोल्डरिंग गनचं टोक त्याहून कितीतरी तापलेलं असतं. त्यामुळे गन ठेवायला स्टँड आहे का, चष्मे देतात का, धूर बाहेर जायला खिडकी किंवा पंखा आहे का, हे डोळ्यांनी बघा. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून डब्याच्या सुट्टीआधी मुलं साबणाने हात धुतात की नाही, हा प्रश्न मी हमखास विचारते. ग्लू गनचे चटके लहान मुलांना सहज बसतात. लिथियमचे सेल मुलांच्या हाती सुटे देऊ नयेत, आणि चार्जिंगला लावून कुणी निघून तर अजिबात जाऊ नये. तुमच्याकडून एवढं करा: सुती कपडे, बंद बूट, लांब केस बांधलेले.

निवासी शिबिर असेल तर रात्री मुलींच्या खोल्यांजवळ कोण बाई राहतात, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, मुलाला घरी फोन कधी करता येतो, जवळचा डॉक्टर कोण, हे सगळं विचारा. उत्तर देताना कुणी वैतागलं तर तिथे पाठवू नका.

महागड्या जाहिरातींच्या आधी इथे चौकशी करा

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमणारी मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम करत करत शिकतात. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा) उभी राहिली, तेव्हा फॅब लॅब हा शब्दसुद्धा आपल्याकडे नवा होता. एकदा मुलाला घेऊन ती जागा बघून या. डोकं आणि हात वेगळे नसतात हे तिथल्या आवारात दिसतं.

पुण्यातच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. कचऱ्यातून खेळणी करणारे, २०१८ साली पद्मश्री मिळालेले अरविंद गुप्ता तिथे बरीच वर्षं काम करत होते. त्यांच्या खेळण्यांच्या कृती इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही आहेत. शिबिराला जागा मिळाली नाही तर त्यावर एक पूर्ण मे महिना काढता येतो, खर्च काडेपेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा. मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि नागपूरचं रामन विज्ञान केंद्र ही सरकारी केंद्रं आहेत. सुट्टीतल्या उपक्रमांची विचारणा तिथे मार्चमध्येच करा.

मुलाच्या शाळेत किंवा शेजारच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी हाताने वस्तू करून बघायची प्रयोगशाळा) आहे का तेही बघा. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी केंद्र सरकारने २०१६ पासून ही योजना चालवली आहे. बऱ्याच शाळांत थ्रीडी प्रिंटर कुलपात असतो. चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटून 'सुट्टीत १० दिवस उघडा, आम्ही आळीपाळीने थांबतो' म्हटलं तर ते कुलूप निघू शकतं.

नववीतल्या मुलांसाठी इस्रोचा युविका कार्यक्रम आहे. २०१९ साली तो सुरू झाला. साधारण दोन आठवडे मुलं इस्रोच्या केंद्रांवर राहतात आणि खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे गुण धरतात, विज्ञान प्रदर्शनासारख्या गोष्टींना वजन असतं आणि ग्रामीण शाळेतल्या मुलांना त्याचे वेगळे गुण मिळतात. अर्ज फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ऑनलाइन भरायचे असतात. गावाकडच्या शिक्षकांना हे आवर्जून सांगा. पुष्कळदा तारीख निघून गेल्यावर कळतं.

सुट्टीचं गणित

मे महिना सगळा शिबिरांनी भरू नका. एकच निवडा, दहा-बारा दिवसांचं, आणि त्यानंतर निदान दोन आठवडे मोकळे ठेवा. तिथे जे अर्धवट राहिलं ते घरी करायला तेवढा वेळ लागतो. घराचा एक कोपरा, जुनं टेबल, स्क्रू ड्रायव्हरचा संच, एक स्वस्त मल्टिमीटर आणि भंगारात निघालेला मिक्सर किंवा रेडिओ एवढी तयारी पुरे. सुरुवातीला वीज फक्त सेलची. घरातल्या प्लगला हात नाही, हा नियम मात्र पक्का ठेवा. बंद मिक्सरसुद्धा खोलायला देण्याआधी त्याची वायर कापून टाका.

आमच्या लेकीला आठवीच्या सुट्टीत मी त्या मल्टिमीटरवाल्या दादाकडे पाठवलं. शेवटच्या दिवशी ती हातात काहीच पूर्ण झालेलं न घेता घरी आली. दोन दिवसांनी स्टुलावर चढून तिने कपाटावरची ती जुनी गाडी खाली काढली. कटरने ग्लूचा थर हळूहळू सोलला. एका मोटरची वायर त्या थराखालीच तुटली होती, वरून दिसतही नव्हती. तिने ती सोलून पुन्हा जोडली, सेल घातले, बटण दाबलं. गाडी रेघेवर जायच्या ऐवजी जागच्या जागी गरगर फिरायला लागली. "एका मोटरच्या वायरी उलट्या लागल्या," असं म्हणत तिने गाडी परत पालथी केली.